मेसचं बिल ऐंशी रुपये कसं आलं?

प्रश्न थोडक्यात असा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या सेकंड इयरच्या एका मुलाने मेसच्या काकूंसाठी सी भाषेत बिलाचा प्रोग्रॅम लिहिला. एका ताटाचे ८० रुपये, दिवसाला दोन ताटं, रविवारी संध्याकाळी मेस बंद, आणि आधी खाडा सांगितला असेल तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. नोव्हेंबरचा हिशेब घातला तर सगळ्यांचे खाडे ३० आणि बिल शून्य. मित्राने सांगितलं म्हणून एका बरोबरच्या चिन्हाची दोन केली, तरी तेच. शेवटी फाईल नव्याने भरली, तर कुणाचं बिल ८० तर कुणाचं १६०. "सर, एकही एरर येत नाही. कंपायलरच बिघडलाय का?"

कंपायलर, म्हणजे तुझा कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, ठणठणीत आहे. तू सेकंड इयरला म्हणतोस म्हणून सरळ एकेरीवर येतो. तुझा कोड खाली मुद्दाम देवनागरीत उतरवलाय. कारण पुढे कळेल.

इंट बिल, खाडे = ०;
फॉर (दिवस = १; दिवस <= ३०; दिवस++)
{
    इफ (खाडा[दिवस] = १)
        खाडे++;
    एल्स
        बिल =+ ताट[दिवस] * ८०;
}

एवढ्या ओळींत तीन चुका आहेत आणि तिघी एकमेकींना पाठीशी घालतायत. तू एक काढलीस की दुसरी पुढे येते, आणि तुला वाटतं की आपण केलेली दुरुस्तीच चुकली.

पहिली चूक तुझ्या मित्राने बरोबर ओळखली. इफच्या कंसात एकच बरोबरचं चिन्ह आहे. सी भाषेत ते चिन्ह विचारत नाही, सांगतं. 'खाडा एक आहे का?' असं तुला विचारायचं होतं. तू लिहिलंस 'खाडा एक कर'. काकू वही घेऊन बसल्या आहेत, "काल आला होतास का रे?" म्हणून विचारतायत, आणि विचारता विचारता हातातल्या पेनाने फुलीही मारतायत, असा तो प्रकार. तू काहीही उत्तर दे, फुली पडलेली आहे. शिवाय सीमध्ये ठेवण्याच्या क्रियेलाही स्वतःची किंमत असते, जी ठेवली तीच. इथे ती १. शून्य सोडून काहीही असलं की इफ ते खरं धरतो. म्हणून तीसही दिवस इफ खरा ठरला, तीसही वेळा खाडे वाढले, आणि एल्सकडे, म्हणजे 'नाहीतर'च्या वाटेला, प्रोग्रॅम एकदाही फिरकला नाही.

आता, दोन चिन्हं केल्यावरही फरक का पडला नाही? कारण फुली खरोखरच पडलेली होती. तुझा प्रोग्रॅम शेवटी खाड्यांचं रजिस्टर परत फाईलमध्ये लिहितो. पहिल्याच रनमध्ये त्याने सगळ्यांचे सगळे दिवस खाडा करून फाईल जतन केली. नंतर तू कोड दुरुस्त केलास, पण तो वाचत होता आधीच नासलेली फाईल. तिच्यात खरोखरच ३० खाडे होते, आणि प्रोग्रॅमने इमानदारीत तेच सांगितलं. या चुकीचा हा भाग नवशिक्यांना कुणी सांगत नाही. चुकीच्या तुलनेने उत्तर चुकतं आणि माहितीही बदलते. काकूंची कागदी वही शाबूत होती म्हणून निभावलं. यापुढे मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवूनच प्रोग्रॅम चालवायचा, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर ताजी प्रत घ्यायची.

नवी फाईल भरल्यावर ८० आणि १६० आले. इथे तू जे केलंस ते सगळेच करतात. आकडा चुकला, म्हणून तो टाकून दिला आणि कोडमध्ये इकडेतिकडे चिन्हं बदलून पाहिली. मी तुझ्या जागी असतो तर कीबोर्डला हात लावण्याआधी त्या ऐंशीचा हिशेब लावला असता. चुकलेलं उत्तर हा तुझ्या हातातला सगळ्यात चांगला पुरावा असतो. तुझ्या यादीतला पहिला मुलगा घे. नोव्हेंबरचे दिवस ३०, रविवार पाच (२, ९, १६, २३ आणि ३०), म्हणजे ताटं साठातून पाच वजा, ५५. त्याचे चार खाडे, चारही साध्या वारी, म्हणजे आठ ताटं गेली. उरली ४७. गुणिले ८०, बिल ३७६० यायला हवं. आलं ८०. म्हणजे नेमकं एक ताट. एक ताट कुठल्या दिवशी असतं? रविवारी. शेवटचा दिवस कुठला वार होता? रविवार.

आता ज्यांचं १६० आलं त्यांच्याकडे बघ. हे सगळे ३० तारखेला खाडा असलेले, रविवारी गावी जाणारे. तूच पाठवलेल्या यादीत दिसतंय. त्यांचा शेवटचा जेवणाचा दिवस २९, शनिवार, दोन ताटं, १६०. (ज्यांनी शनिवारीही खाडा घातला त्यांचेही १६०च, कारण शुक्रवारीही दोनच ताटं.) थोडक्यात, प्रत्येकाच्या बिलात फक्त तो शेवटचा जेवला त्या दिवसाचे पैसे आहेत. बेरीज होतच नाहीये. प्रत्येक दिवस आधीचा आकडा पुसून स्वतःचा लिहितोय. एवढं कागदावर कळलं की कोडमध्ये बघायची ओळ एकच उरते.

बिल =+ ताट[दिवस] * ८०;

तुला लिहायचं होतं +=, म्हणजे 'आधीच्यात भर घाल', लिहिलं गेलं =+. कंपायलर हे असं वाचतो: बरोबर, आणि त्यापुढे 'अधिक ताट'. शून्याच्या खाली पाच अंशांना आपण उणे पाच म्हणतो, तसं हे 'अधिक दोन'. अधिक दोन म्हणजे दोनच. म्हणून ओळीचा अर्थ निघाला 'बिलामध्ये आजच्या ताटांचे पैसे ठेव'. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष, म्हणून एरर नाही. जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, सगळीकडे हे बिनतक्रार चालतं. पायथनमध्ये इफच्या आत एकटं बरोबरचं चिन्ह लिहिलं तर तो लगेच अडवतो, म्हणून पायथनवाली मुलं निर्धास्त असतात. पण =+ त्यांनाही फसवतं.

गंमत म्हणजे ही चूक एके काळी चूक नव्हतीच. सीची आई म्हणजे बी भाषा, आणि तिच्यात व सीच्या सुरुवातीच्या दिवसांत हे चिन्ह =+ असंच लिहायचे. घोटाळा वजाबाकीत व्हायचा. क्ष=-१ याचा अर्थ 'क्षमधून एक वजा कर' की 'क्षमध्ये उणे एक ठेव'? १९७६मध्ये चिन्हांची अदलाबदल करून तो मिटवला. सी भाषा घडवणारे डेनिस रिची यांनी पुढे तिच्या जडणघडणीवर लिहिताना आधीच्या रचनेला सरळ चूक म्हटलंय. तेव्हा तुझी बोटं जिथे घसरली तिथे भाषा घडवणारेही घसरलेत. तुला पन्नास वर्षं उशीर झाला इतकंच.

एका चिन्हाच्या दोन कामांचा घोळ त्याहून जुना आहे. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७च्या पुस्तकात आणलं. दोन समांतर रेघा, कारण याहून समान दोन गोष्टी असू शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. तिथे चिन्हाचा अर्थ 'आहे'. मग १९५७मध्ये फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली आणि तिने तेच चिन्ह 'ठेव' या अर्थाने वापरलं. अल्गोल आणि नंतरची पास्कल यांनी शहाणपणा करून 'ठेव'साठी आधी विसर्ग दिल्यासारखं := हे वेगळं चिन्ह घेतलं. बी भाषेने मात्र 'ठेव'ला एक आणि 'आहे का'ला दोन चिन्हं दिली, आणि सी, सी प्लस प्लस, जावा या सगळ्यांनी तोच वारसा चालवला. दहावीपर्यंत दहा वर्षं 'बरोबर म्हणजे समान' घोकलेल्या पोराला पहिल्याच लेक्चरला सांगायचं की आजपासून अर्थ बदलला. हात ऐकत नाही.

कोड देवनागरीत का लिहिला ते आता सांगतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, कंपनीचं नाव सोडून दे, रात्री आपोआप चालणारं एक बॅच काम दोन दिवस चालेना. प्रोग्रॅम जावाचा. आज सुट्टी असेल तर काम करू नको, एवढीच अट. जावात इफच्या आत पूर्णांक ठेवला तर कंपायलर हाकलून देतो, म्हणून ही चूक जावात होत नाही असा आम्हा सगळ्यांचा समज. पण बूलियन, म्हणजे नुसतं खरं किंवा खोटं, चालतं की! कुणीतरी लिहिलं होतं, इफ (सुट्टी = ट्रू). रोज सुट्टी. आम्ही डेटाबेसला शिव्या घातल्या, सर्व्हरच्या घड्याळावर संशय घेतला. दुसऱ्या संध्याकाळी मी चांदणी चौकात अडकलेलो, फोनवर सहकारी ती फाईल ओळीओळीने वाचून दाखवतोय, आणि आम्हा दोघांनाही काही सापडत नाही. सापडणार कसं? तो वाचत होता, "इफ हॉलिडे इक्वल टू ट्रू." एक चिन्ह असो की दोन, आपल्याकडे वर्गात सगळे तोंडाने 'इक्वल टू'च म्हणतात. मोठ्याने वाचल्यावर चूक सापडते असं म्हणतात. या चुकीच्या बाबतीत मोठ्याने वाचल्यावर ती दडते.

तेव्हापासून मी कोड मराठीत वाचतो. एक चिन्ह दिसलं की 'मध्ये ठेव', दोन दिसली की 'आहे का', आणि += दिसलं की 'मध्ये भर घाल'. तुझी ओळ आता वाचून बघ: "जर खाडामध्ये एक ठेव." वाक्यच होत नाही. कान लगेच टवकारतात. दुसरी ओळ: "बिलामध्ये ठेव अधिक ताट." पुन्हा कानाला खटकतं. रविवारी आमच्या सोसायटीतली तीन-चार पोरं शिकायला येतात. त्यांना पहिला महिनाभर मी 'इक्वल टू' म्हणूच देत नाही.

आता तिसरी चूक. ती अजून तुला दिसलेली नाही, पण दिसणार आहे. तू =+ चं += केलंस की पहिल्या मुलाचं बिल बहुधा ३७६० येईल आणि तू खूश होशील. दुसऱ्याचे तीन खाडे आहेत, तेही साध्या वारी. त्याची ४९ ताटं, ३९२० यायला हवेत. बहुधा येतील ७६८०. ते कुठून आले हे सांगायची आता गरज नसावी, ३७६० आणि ३९२० मिळवून बघ. हाच प्रोग्रॅम लॅबच्या मशीनवर चालवलास तर कदाचित तिसरंच काही येईल.

कारण पहिल्या ओळीत आहे. 'इंट बिल, खाडे = ०' वाचताना दोघांनाही शून्य मिळाल्यासारखं वाटतं. मिळतं फक्त शेवटच्याला. खाडे शून्यापासून सुरू झाले, आणि बिलात त्या जागेवर मेमरीत आधीचं जे पडलेलं असेल ते राहिलं. फळ्यावरचं आधीच्या तासाचं लिखाण न पुसता पुढचा तास सुरू करावा तसं. हे आत्तापर्यंत खपून गेलं, कारण =+ आधीचा आकडा वाचतच नव्हता, सरळ वरून लिहीत होता. += मात्र आधी वाचतो, मग भर घालतो. म्हणजे दुसरी चूक तिसरीला झाकत होती. आणि अगदी सुरुवातीचं ते शून्य बिलही तुझ्या प्रोग्रॅमने काढलेलं नव्हतं. मेमरीत योगायोगाने शून्य पडलेलं होतं, इतकंच. 'इंट बिल = ०, खाडे = ०' असं लिही, नाहीतर दोन वेगळ्या ओळी कर. मी वेगळ्याच करतो. जागेची काटकसर पूर्वी तारेत करायचे, कोडमध्ये करायची नाही.

एरर आली नाही म्हणतोस, पण वॉर्निंग मागितलीस का? जीसीसी हा सीचा कंपायलर सांगितल्याशिवाय फारसं बोलत नाही. कंपाइल करताना वजाचिन्ह, मोठ्या लिपीतला डब्ल्यू आणि त्याला चिकटून 'ऑल' एवढं लिहिलंस की पहिल्या चुकीवर तो बोट ठेवतो: ठेवण्याची क्रिया तू खरं-खोटं म्हणून वापरतो आहेस, मुद्दाम असेल तर भोवती आणखी एक कंस घाल. शून्य न दिल्याबद्दलही तो बोलतो, पण ते कधीकधी ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करायची सोय, चालू केल्यावरच. =+ वर जीसीसी गप्प राहतो. क्लँग हा दुसरा कंपायलर मात्र विचारतो की तुला += म्हणायचं होतं का, पण त्यासाठी पुढे जागा सोडलेली असली पाहिजे, जशी तू सोडली आहेस. आमच्या वेळी निळ्या पडद्याचं टर्बो सी होतं. तेही बिचारं खाली दाखवायचं की इथलं असाइनमेंट, म्हणजे 'ठेव', बहुधा चुकलंय. आम्ही एंटर मारून पुढे जायचो. एरर शून्य आहेत ना, मग झालं.

त्या जास्तीच्या कंसाबद्दल एक सांगतो. वॉर्निंग गप्प करायला म्हणून तो घालू नकोस. २००३च्या नोव्हेंबरमध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, कुणीतरी दोन ओळी घुसवायचा प्रयत्न केला होता. वरवर पाहता ती साधी तपासणी होती: अमुक दोन पर्याय एकत्र आले आणि वापरकर्त्याचा क्रमांक शून्य असेल तर चूक म्हणून परत पाठव. पण 'शून्य असेल'च्या जागी एकच चिन्ह होतं, म्हणजे 'शून्य कर'. लिनक्स ज्यातली त्या युनिक्सच्या घराण्यात क्रमांक शून्य म्हणजे रूट, सगळ्या किल्ल्यांचा मालक. ठेवलेली किंमत शून्य, म्हणून अट खोटी, म्हणून चूकही परत जात नाही, आणि समोरचा गुपचूप रूट होऊन बसतो. भोवती कंस होता, त्यामुळे कंपायलरही बोलला नसता. मूळ भांडाराशी ती प्रत जुळेना म्हणून ते वेळीच पकडलं गेलं. तुझ्या मेसच्या बिलात आणि त्या ओळीत फरक फक्त हेतूचा.

काही जण सल्ला देतात की आकडा डावीकडे लिही, १ == खाडा[दिवस], म्हणजे एक चिन्ह राहिलं तर कंपायलर ओरडेल, कारण एकामध्ये काही ठेवता येत नाही. खरं आहे, पण मला ते आवडत नाही. 'एक खाडा आहे का' असं कुणी बोलत नाही, आणि दोन्ही बाजूंना व्हेरिएबल असली की हा उपाय लंगडा पडतो. तुझ्या बाबतीत तर तुलनाच नको. खाडा फक्त ० किंवा १ असतो, तेव्हा नुसतं इफ (खाडा[दिवस]) पुरतं. जे चिन्ह लिहिलंच नाही ते चुकणार कसं? आणि हिशेबाचा भाग वेगळ्या फंक्शनमध्ये काढून रजिस्टर त्याला कॉन्स्ट म्हणून, म्हणजे बदलता न येणारं, दे. मग त्यात चुकूनही काही ठेवायला गेलास तर कंपायलर एरर देईल, वॉर्निंग नाही.

पुढे तू आगाऊ रकमेची वजावट घालणार आहेस असं लिहिलंयस. तिथे 'बिल -= आगाऊ - परतावा' लिहिण्याआधी थांब. उजवीकडचं सगळं आधी होतं, जणू त्याला कंस आहे. म्हणजे बिलातून (आगाऊ वजा परतावा) जातं. तुला तेच हवं असेल तर ठीक. मोडून 'बिल = बिल - आगाऊ - परतावा' असं वाचत असशील तर उत्तर वेगळं येईल.

आता करायचं काय ते. तीस दिवस बाजूला ठेव. एक मुलगा, तीन दिवस: शुक्रवार हजर, शनिवार खाडा, रविवार हजर. कागदावर ड्राय रन कर, बिल १६० अधिक ८०, म्हणजे २४० आणि खाडे १. मग लूपच्या, म्हणजे फॉरच्या फेऱ्यांच्या, आत इफच्या आधी आणि नंतर अशा दोन प्रिंटफ घाल, दोन्हींत दिवस, खाडा आणि बिल छाप. तुझ्या जुन्या कोडवरही हे करून बघ, मुद्दाम सांगतोय. इफच्या आधी खाडा ० आणि नंतर १ छापलेला डोळ्यांनी पाहिलास की पुन्हा ती चूक करताना हात अडखळेल. नंतर दुसरा मुलगा घाल, म्हणजे मुलगा बदलताना बिल पुन्हा शून्यावर येतंय का ते कळेल. हे जमल्यावरच पूर्ण नोव्हेंबर.

आणि एक राहिलं. मी इथे न उतरवलेल्या भागात तू अ‍ॅरे, म्हणजे एका नावाखालची आकड्यांची रांग, 'खाडा[३१]' असा घेतलायस आणि दिवस १पासून मोजतोयस. सीमध्ये मोजणी शून्यापासून, म्हणजे शेवटची जागा ३०वी. नोव्हेंबर आहे म्हणून भागलं. काकूंना डिसेंबरचं बिल द्यायच्या आधी तो ३२ कर, ताटांचाही, आणि लूपमधला ३० काढून तिथे महिन्याचे दिवस घे.